चौकटीवरचा हात

ता. ११ जानेवारी, रविवार

ताई,

तुला आणि आईला नमस्कार. मी इकडे ठणठणीत आहे. जेवण वेळेवर होतं, झोप चांगली लागते. (झोपेचं खोटं आहे, पण पत्राच्या सुरुवातीला सगळं बरंच लिहायचं असतं, हे तूच शिकवलंस.)

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. फोनवर मी पाण्यात बसलेल्या म्हशीसारखा नुसता हूं-हूं करतो म्हणून तू लिहून पाठवतेस, हे वाचून एकटाच हसलो. मिस्त्री म्हणाला, "काय रे, पोरीचं पत्र?" मी म्हटलं, बहिणीचं. तर म्हणतो, "मग हसतोस कशाला? बहिणींच्या पत्रात कामं असतात." बरोबर बोलला. तुझ्या तिन्ही पत्रांत एकच काम आहे. त्याचं शेवटी लिहितो.

आधी इकडची गंमत ऐक. सातवीत शाळा सोडली ती सोडली, आता पुन्हा शाळेत दाखल झालोय, हातात करवत घेऊन. मिस्त्रीला एका शाळेचं काम मिळालंय. तीन मजले, चारशे मुलं, शेहेचाळीस दारं. काम काय, तर मुलांना राग आवरायला शिकवायचं. म्हणजे ते मी नाही शिकवत, माझ्याकडे फक्त दारं आहेत. पण सगळी शाळाच त्यात आहे. कार्यक्रमाचं नाव लांबलचक आहे, भावनांचं स्वनियमन की काय. झाडूवाल्या मावशी त्याला 'गप बसायचा तास' म्हणतात.

शिकवायला बाहेरून एक बाई आल्यात. आम्ही त्यांना फुंकरबाई म्हणतो, कारण त्या राग आला की कशी फुंकर मारायची ते शिकवतात. गरम दुधावर मारतो तशी, लांब आणि हळू. आधी शिक्षकांना शिकवलं, मग मुलांना, मग शिपाई, मावशी, गेटवरचा पहारेकरी आणि आता आम्ही सुतारसुद्धा. मोठ्या बाईंचा, म्हणजे मुख्याध्यापक बाईंचा हुकूम आहे: शाळेत जो पाय ठेवेल तो शिकेल. मिस्त्री पन्नाशीचा माणूस, खुर्चीवर बसून डोळे मिटून दुधावर फुंकर मारतो, तेव्हा मला खालचा ओठ चावून धरावा लागतो.

गेटातून आत आलं की भिंतीवर मोठी फळी आहे, तिचे चार रंग. लाल म्हणजे राग, पिवळा म्हणजे धाकधूक, निळा म्हणजे उदास, हिरवा म्हणजे ठीक. प्रत्येकाच्या नावाची एक लाकडी चकती. सकाळी आत येताना आपल्याला जसं वाटतंय त्या रंगाखाली ती अडकवायची. मोठ्या बाईसुद्धा अडकवतात. मावशी रोज लालमध्ये लावतात आणि वर म्हणतात, "चारशे पोरं पायाला चिखल लावून येतात, मी काय हिरवी असणार?" पहारेकरी आपली चकती खिशातच ठेवतो. म्हणतो, "आपल्या मनात काय आहे ते गेटवरच्या माणसाने दाखवायचं नसतं. चोर फायदा घेतात." मी हिरव्यात लावतो. रोज.

चकत्या साडेचारशे. सगळ्या मी कापल्या, घासल्या, भोकं पाडली. नावं लिहायला एक पेंटर आणला होता. त्याचं अक्षर बघून मिस्त्री म्हणाला, चकतीवरून कोंबडी चालत गेली काय? मला वाटलं, तुझ्याकडे पाठवल्या असत्या तर तू... शाळेची सगळी प्रमाणपत्रं तूच लिहायचीस ना.

असो.

मुख्य काम दारांचं. फुंकरबाई शिकवायला लागायच्या आधी पंधरा दिवस नुसत्या वऱ्हांड्यात वही घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मोजलं, शाळेत दिवसाला दोनशेच्या आसपास वेळा दार आपटतं, आणि प्रत्येक भांडण एक तर दार आपटून सुरू होतं नाही तर दार आपटून संपतं. म्हणून पहिलं काम काय, तर दार आपटताच येऊ नये. शेहेचाळीस दारांना क्लोजर बसवायचे. म्हणजे दाराच्या डोक्यावर एक लोखंडी हात असतो, त्यात तेल भरलेलं असतं. कितीही जोरात लोटलं तरी दार आपलं म्हाताऱ्यासारखं हळूहळू टेकतं. मला हे काम आवडलं. इतकं आवडलं की मिस्त्रीला संशय आला.

मिस्त्रीचा आणखी एक टोमणा आहे माझ्यावर. मला सवय आहे, दार लावायच्या आधी चौकटीवरून हात फिरवायची, वरपासून खालपर्यंत, बिजागरीच्या बाजूनेही. का, ते माहीत नाही. खिळा बिळा वर आलेला असतो कधी. तो म्हणतो, "दाराचे पाय चेपतोस काय रे?"

आता तुझं काम. आतल्या खोलीला दार. आई रात्रभर खोकते, तुला झोप नाही, सकाळी ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारताना डोळे मिटतात, सगळं वाचलं. चौदा वर्षं पडदा पुरला, आता नाही पुरत, तेही खरं. पण इथलं काम मार्चअखेरपर्यंत आहे. तुझ्या गल्लीतला सुतार वाईट नाही. त्याच्याकडून करून घे.

आईला औषध वेळेवर दे.

तुझा धाकटा


ता. १५ फेब्रुवारी, रविवार

ताई,

नमस्कार. आईचा खोकला कमी आहे हे वाचून बरं वाटलं. माझी तब्येत ठीक. इथे पाणी जरा जड आहे, बाकी काही नाही.

तुझं पत्र वाचलं. "घरात सुतार असताना गल्लीतल्याला बोलवू? लोक तोंडात शेण घालतील." एवढंच, आणि खाली सही. तुझा राग आता दोन ओळींत मावतो, पूर्वी चार पानं लागायची. अक्षर मात्र डावीकडे अजूनच कललंय. मला तुझी पाकिटं लांबूनच ओळखू येतात. पोस्टमनच्या हातात असतानाच कळतं.

मी एक जाड कापडाचा पडदा घेतलाय. दुहेरी आहे, आवाज अडवतो म्हणे. उद्या पाठवतो. रागावू नकोस.

इकडे एक विचित्र गोष्ट झाली. तुला सांगावी की नाही अशा विचारात आठवडा गेला.

शेहेचाळीस दारं संपली. आता शाळेत एकही दार आपटत नाही. पहिल्या दिवशी मुलांनी गंमत म्हणून लोटून लोटून बघितली. चौथीत एक मुलगी आहे, तिला सगळे तुफान म्हणतात. शिक्षकसुद्धा. ती रागावली की तिच्या आधी दार बाहेर जातं. त्या दिवशी गणिताच्या तासाला तिचं कुणाशी तरी वाजलं, ती उठली, सगळी ताकद लावून दार मागे फेकलं, आणि दार आपलं निवांत, सावकाश, टेकायला निघालं. अख्खा वर्ग हसला. ती पोर वऱ्हांड्यात उभी, दाराकडे बघत. दाराने तिचा अपमान केल्यासारखी.

मधल्या सुट्टीत ती आमच्या सुतारकामाच्या शेडमध्ये आली. मला म्हणाली, "दारकाका, एक तरी दार ठेवायचंत ना." सव्वीसाव्या वर्षी काका झालो, बघ. मी म्हटलं, कशाला? म्हणाली, "फुंकर मारली तरी आत राहतं थोडं. ते कुठे टाकू?" आमच्याकडे शेडमध्ये एक नमुन्याची चौकट उभी असते, तिला दार लावलेलं. क्लोजर तपासून बघायला. मी त्याचा क्लोजर काढला आणि म्हटलं, एकदाच. तिने जे आपटलं. छपराचे पत्रे थरथरले. मग म्हणाली, "हां," आणि वर्गात गेली. मी मात्र तिथेच खाली बसलो. मिस्त्रीने विचारलं तर सांगितलं, उपाशी आहे.

तर ती विचित्र गोष्ट. माझी ती सवय, चौकटीवरून हात फिरवायची. महिनाभर मी प्रत्येक वर्गात काम करत होतो आणि मुलं बघत होती. बालवर्गातल्या पोरांना वाटलं, हाही त्या कार्यक्रमातलाच भाग आहे. फळीवर चकती लावायची, फुंकर मारायची, आणि दार लावताना चौकटीवरून हात फिरवायचा. त्यांनी सुरू केलं. त्यांचं बघून पहिली-दुसरीने. फुंकरबाईंनी एक दिवस बघितलं, शिक्षिकेला विचारलं, हे कुणी शिकवलं? ती म्हणाली, आम्हाला वाटलं तुम्हीच. शोधत शोधत त्या शेडमध्ये आल्या.

"अहो, किती सुंदर आहे हे," त्या म्हणाल्या. "हात फिरवेपर्यंत तीन-चार सेकंद जातात. तेवढ्यात मेंदू थंड होतो. आणि पलीकडे कुणी आहे का तेही कळतं. कुठे शिकलात?"

मी म्हटलं, घरी.

"कुणी शिकवलं?"

तोंडातून निघून गेलं: "ताईने."

हे मी का म्हटलं, ते विचारू नकोस.

आता तशी सूचना प्रत्येक वर्गात लागली आहे. शेहेचाळीस दारं, चारशे मुलं. तास संपल्याची घंटा झाली की दर वेळी, ताई, सगळ्या शाळेत चौकटींवर बोटं. लहान-लहान. दाराच्या कडेवर, फटीत, बिजागरीपाशी. मी वऱ्हांड्यातून जाऊ शकत नाही. मान खाली घालून, फरश्या मोजत जातो. मावशींनी विचारलं, "काय रे, काही हरवलंय का?"

मागच्या रविवारी शाळेत कुणी नव्हतं. मिस्त्रीने सांगितलं म्हणून दुपारी एकटाच क्लोजरचं तेल बघायला गेलो होतो. दुसऱ्या मजल्यावर असताना खाली दार आपटलं. नीट, मोठ्याने. मी धावत खाली गेलो. सगळी दारं मिटलेली. एकेक उघडून सोडून बघितलं, शेहेचाळीसच्या शेहेचाळीस. एकही आपटत नाही. आपटूच शकत नाही, मीच बसवलेत ना क्लोजर. शेडला कुलूप होतं. मी कुलूप काढून नमुन्याचं दारही बघितलं. अडसर जागेवर. पहारेकरी म्हणाला, "मी इथेच बसलोय, मला नाही काही ऐकू आलं. तुझ्याच डोक्यात काही तरी सैल झालंय, ते आवळ."

फुंकरबाईंच्या शेवटच्या तासाचं थोडं सांगतो आणि बंद करतो. त्या म्हणाल्या, राग येतो ते आपल्या हातात नसतं. पण राग येणं आणि हात उचलणं यांच्या मध्ये एक फट असते. अगदी बारीक. सगळ्यांना असते. ती फट सापडली की माणूस सुटला. सगळे शिक्षक खूश झाले. मागे बसलेला मिस्त्रीसुद्धा मान डोलवत होता. मी फोन आला असं सांगून बाहेर आलो. फोन आला नव्हता.

एक विचारायचं होतं. बाबांनी आतल्या खोलीचं दार काढून त्याची जी फळी केली होती, पाण्याची भांडी ठेवायला, ती अजून आहे का? तिची कडी काढून टाकली का कुणी?

उगीच विचारतोय. आईला नमस्कार.

तुझा धाकटा


ता. १५ मार्च, रविवार

ताई,

आज तब्येतीचं वगैरे काही लिहीत नाही.

तुला पाठवलेलं पार्सल परत आलं. पडदा जसा पाठवला तसा, घडीही मोडलेली नाही, वर चिठ्ठी: "पडदा नको. दार हवं. आणि हो, कडी आहे फळीला. मी रोज घासते." ही चिठ्ठी मी किती वेळा वाचली ते सांगत नाही. रोज घासते असं तू का लिहिलंस तेच कळत नव्हतं. आता थोडं कळतंय असं वाटतं, तूही ते दार विसरलेली नाहीस, पण नक्की नाही.

हे पत्र घाईने लिहितोय, त्याला कारण आहे. महिनाअखेर शाळेत पालकांना बोलावलंय, सगळा कार्यक्रम दाखवायला. मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावून घेतलं. म्हणाल्या, "या सगळ्यातली मुलांची सगळ्यात आवडती गोष्ट तुझ्या ताईंची आहे. तू स्टेजवर येऊन दोन शब्द बोल. आणि त्यांचा पत्ता दे, मला त्यांना आभाराचं पत्र पाठवायचंय. आम्हाला पदव्या लागतात, त्यांना ते घरबसल्या सुचलं." पत्ता माझ्या तोंडून निघाला, तुझ्या पाकिटावर असतो तसा, पिनकोडसकट. त्यांनी लिहून घेतला. त्यांचं पत्र गुरुवारी पोस्टात पडेल. चारशे मुलांचे आभार तुझ्या हातात पडतील. तुझ्या त्या हातात.

त्याआधी माझं पोचायला हवं.

परवा काय झालं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सांगता येईल. एकदाच म्हटलं होतं, पण तुफान त्यानंतर रोज मधल्या सुट्टीत शेडमध्ये यायची, एकदा दार आपटायची आणि जायची. मी तेवढ्यापुरता बाहेर जाऊन उभा राहायचो. परवा मी नमुन्याच्या दाराची खालची बिजागरी बदलत होतो. बसून, डावा हात चौकटीत घालून. सुट्टी व्हायला वेळ होता म्हणून निवांत होतो. ती तासातूनच उठून आली. तोंड लालभडक, डोळ्यांत पाणी, मुठी वळलेल्या. मी तिला दिसलो नाही, मी दाराआड होतो. तिने दाराची कड धरली आणि मागे ओढली, पूर्ण. मला ओरडायचं होतं. ओरडलो नाही. ताई, मला असंही वाटलं की ओरडू नये. होऊन जाऊ दे. एकदाचं.

दार आलं नाही.

मी वर बघितलं. तिचा एक हात दारावर, दुसरा चौकटीवरून खाली येत होता. सवयीने. चारशे मुलांना लागलेली सवय. हात खाली आला आणि माझ्या बोटांवर टेकला. तिने वाकून बघितलं. रागाने थरथरत होती ती, अजूनही. पण दार धरून ठेवलं.

"काका," म्हणाली, "बोटं आहेत ना तुमची."

जणू मीच चूक केली होती. मग फुंकर बिंकर काही न मारता भोकाड पसरलं. मी हात बाहेर काढला आणि तिला म्हटलं, आता आपट. तर मान हलवली. "आता नको. गेलं."

दहा वर्षांची आहे ती. मी बारा वर्षांचा होतो.

आपल्या घरी जे सगळ्यांना माहीत आहे ते असं: मी आठवडाभर शाळेत गेलो नव्हतो, तू ते बाबांना सांगितलंस, बाबांनी मला धुतलं, मी आतल्या खोलीत जाऊन बसलो, आणि वाऱ्याने दार आपटून तुझी दोन बोटं गेली. वारा हा शब्द तूच पहिल्यांदा बोललीस. रक्त थांबत नव्हतं, आई किंचाळत होती, बाबांनी विचारायच्या आधी तू म्हणालीस, "वाऱ्याने आपटलं." डॉक्टरांना तेच, शेजारच्या काकूंना तेच. खिडकी बंद होती. बाबांनी ती बंद खिडकी बघितली, मी त्यांना बघताना पाहिलं. संध्याकाळी पेचकस घेऊन बसले आणि दार काढून टाकलं. त्यानंतर जाईपर्यंत माझ्यावर हात नाही उचलला. मला वाटायचं, एकदा तरी उचलावा.

तू मला वाचवलंस, की तुला खरंच वारा वाटला, हे मी चौदा वर्षांत विचारलं नाही. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस, म्हणूनच नाही विचारलं.

दार मी लोटलं, एवढं तुला ठाऊक असणारच. ते सांगायला मी बसलेलो नाही. तुला जे ठाऊक नाही, आणि बाबांना नव्हतं, आणि मी स्वतःलाही कधी धडपणे सांगितलं नाही, ते आता लिहितो.

तू बाहेरून म्हणत होतीस, "अरे ऐक तरी. मी तुझ्या भल्यासाठीच सांगितलं." दार मिटत आलं होतं, तू ते धरायला हात आत घातलास. चार बोटं, चौकटीवर. मला ती दिसली.

मला ती दिसली, ताई. तू त्या दिवशी प्रमाणपत्रं लिहीत होतीस. मधल्या बोटाला नखापाशी निळी शाई लागलेली होती, थोडी फिस्कटलेली. मी ती शाई बघितली. शाई बघायला वेळ लागतो. तेवढा वेळ मला होता. मग मी दार लोटलं.

इतकी वर्षं मी म्हणत आलो, राग होता, डोळ्यांपुढे अंधार होता, मी नव्हतोच तो. फुंकरबाईंनी त्या तासाला ती फट सांगितली. सगळ्यांना वाटलं, वा, म्हणजे आपण सुटू शकतो. मला कळलं की मी तिथे होतो. त्या फटीत उभा होतो मी, पुरता शुद्धीवर, तुझ्या बोटावरची शाई बघत. आणि मग ती पोर. तिलाही तेवढाच वेळ होता.

चौकटीवरून हात मी त्या दिवसापासून फिरवतो. प्रत्येक दाराच्या. खिळा बिळा काही नसतो. तुझी बोटं आहेत का ते बघतो.

हे तू शिकवलंस असं मी सांगितलं, ते एका परीने खरंच आहे. पण असल्या शिकवण्याचे कुणी आभार मानू नयेत. मोठ्या बाईंचं पत्र आलं की फाडून टाक, नाही तर ठेव, नाही तर त्यांना खरं काय ते लिही. तू लिहिलंस तर मी ते नाकारणार नाही. स्टेजवर मी जाणार नाही, त्यांना सांगून टाकलंय. का, ते नाही सांगितलं. आधी तुला सांगायचं होतं.

काल सकाळी फळीवरची माझी चकती हिरव्यातून काढली. मावशी झाडू थांबवून बघत राहिल्या. "काय रे, आज कुठे?" मी निळ्यात अडकवली. मावशी म्हणाल्या, "बरं झालं बाबा. तुझं रोजचं हिरवं बघून मला तुझी भीती वाटायला लागली होती."

आता तुझं काम.

दार मी करीन. इथेच, सुट्टीच्या दिवशी, मिस्त्रीची परवानगी घेतली आहे. जुन्या फळीला हात लावू नकोस, ती तशीच राहू दे. नवं करतो. क्लोजर बसवीन, कितीही लोटलं तरी सावकाश टेकणारा. दार कुठल्या अंगाला उघडायचं ते तू ठरव. कडी आतून हवी की बाहेरून, तेही तूच.

या पत्राला उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नकोस. नुसतं माप पाठव. चौकटीची आतली उंची. रुंदी तीन ठिकाणी घे, वर, मधे आणि खाली, कारण जुन्या चौकटी सरळ राहिलेल्या नसतात. एका चिठ्ठीवर तीन-चार आकडे, बस. ते आले की मी पहिल्या गाडीने निघतो. नाही आले तर मी समजेन, आणि परत कधी विचारणार नाही. मग गल्लीतल्या सुताराला बोलव, आणि त्याला एवढं सांग की बिजागरीच्या बाजूला बोट चेपेल अशी जागा ठेवू नकोस.

माप घेताना चौकटीत हात घालावा लागेल. घाल. तिथे आता दार नाही, आणि मी लांब आहे.

ज्याने दार लोटलं तो,
तुझा धाकटा